७०-२०० एफ/२.८ : शर्यतीची कुत्री, श्वानपथक आणि आमचा बेळगाव भाग

ही ७० ते २०० मिलिमीटरची झूम लेन्स (एफ/२.८ म्हणजे उजेड जास्त आत घेणारी) घेतल्यापासून एक अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि आता जत्रांचा सिझन निम्म्यावर आलाय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ज्याला त्याला एकच विचारायचं असतंय, कुत्र्यांच्या शर्यतीला २०० पुरतं काय, ४०० नाहीतर ६०० नको काय. माझं उत्तर स्पष्ट आहे, पुरतं. पक्षी आपल्याला जवळ येऊ देत नाही म्हणून तिथं लांबची लेन्स लागते, पण कुत्र्याच्या खेळात ते कुठून सुटणार, कुठं पोचणार, कुठं उडी मारणार हे सगळं आधीच माहीत असतं, म्हणजे कुठं बसायचं ते आपल्या हातात आहे. हातात नसतो तो उजेड, आणि त्यासाठीच २.८चे पैसे द्यायचे.

कंपनीचं नाव देत नाही कारण ही लेन्स सगळ्याच मोठ्या कंपन्या काढतात आणि मी सांगतोय ते जवळपास सगळ्यांना लागू पडतं. माझी कॅमेऱ्याची बॉडी एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) मिररलेस आहे, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम देते आणि प्राण्याचा डोळा ओळखते. फोटो मुख्यतः कशाचे तर चिकोडी, रायबाग, हुक्केरीकडच्या शर्यती, बेळगावात होणारे श्वानपथकाचे डेमो, मित्राच्या मळ्यात चालणारं चाव्याचं ट्रेनिंग, आणि रस्त्याला भेटली तर धनगरांची कुत्री.

शर्यतीचं आधी सांगतो. आमच्याकडं पळतात ती मुधोळ म्हणा, कारवान म्हणा, मध्येच एखादं लांब केसाचं पश्मी, आणि हल्ली ग्रेहाऊंड लई दिसतात. मुधोळ गाव इथून लांब नाही, घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली हे इथं पोराटोरांना माहीत असतंय, आणि २०१६ला लष्करानं मुधोळची कुत्री मेरठला ट्रेनिंगला नेली तेव्हापासून तर गावागावात अभिमान वाढलाय. ही नजरेवर शिकार धरणारी जात, पळताना एका झेपेत दोनदा चारी पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाठीची कमान करून पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. बहुतेक जण ताणलेला फोटो घेऊन खूश होतात, मला गोळा झालेला जास्त आवडतो, त्यात पाठीचा आणि मांडीचा सगळा जोर दिसतो. असली कुत्री सेकंदाला साधारण तीन-साडेतीन झेपा टाकतात, म्हणजे १५ फ्रेमच्या बॉडीवर एका झेपेचे चार-पाचच फोटो मिळतात, त्यामुळे कुत्रं सुटल्यापासून शेवटपर्यंत बोट दाबून ठेवण्यापेक्षा शेवटच्या वीस-पंचवीस मीटरला बर्स्ट (सलग फोटो) द्यायचा आणि बाकी वेळ नुसतं फोकस धरून राहायचं.

शटर स्पीडचा हिशोब साधा आहे. कुत्रं ताशी ५० किलोमीटरनं पळतंय असं धरलं तर सेकंदाला जवळपास १४ मीटर जातं, म्हणजे १/१००० सेकंद ठेवलं तरी तेवढ्यात ते दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकलेलं असतं आणि पंजे तर अंगापेक्षा जोरात हलतात. उजेड असला तर मी १/२५०० च्या खाली येत नाही. आता जत्रेतली शर्यत वेळेवर सुरू होते काय, बक्षिसाच्या फायनल दिवस मावळायला आला की सुरू होतात, तेव्हा १/२००० आणि २.८वर माझा आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ३२०० पर्यंत जातो. तोच फोटो एफ/६.३च्या, म्हणजे कमी उजेड घेणाऱ्या, झूमनं काढायचा तर आयएसओ १६००० लागला असता, आणि काळ्या कुत्र्याच्या अंगावर तेवढा नॉईज (फोटोतले दाणे) आला की केसांचा चकाकता पोतच जातो, नुसता चिखल उरतो. पैसे कुठं गेले ते या एका गोष्टीत कळतं.

जागा म्हणाल तर शेवटच्या रेषेच्या पलीकडं, किंचित बाजूला, जमिनीवर बसून किंवा सरळ आडवं होऊन. १५ मीटरवर माझ्या सेन्सरला २०० मध्ये रुंदीला पावणेदोन मीटर आणि उंचीला सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी बसतं, समोरून येणारं कुत्रं त्यात भरून येतं, ६००चं इथं कामच नाही. उभं राहून काढलेल्या फोटोत मागं नुसती माती येते, खाली बसलं की मागं उसाचा फड, माणसांची रांग, झेंडे येतात आणि ते २.८ला विरघळून जातात. पण समोर बसायचं तर मालकाला आणि कमिटीला आधी सांगून, दोरीच्या बाहेरच, आणि कुत्रं थांबायला जिथं जागा ठेवलीय तिथं तर अजिबात नाही. तेवढ्या वेगात आलेलं कुत्रं तुमच्या ट्रायपॉडला धडकलं तर त्याचा पाय कायमचा जाईल.

फोकस. समोरून तोंड येत असेल तर डोळा झटक्यात धरतं, लेन्सची मोटर कुठं मागं पडत नाही. पण बाजूनं पळणारं कारवान, कान मागं चिकटलेले, तोंड लांब निमुळतं, त्यात काळं असलं तर बॉडी डोळा सोडून खांद्यावर नाहीतर गळ्यातल्या पट्ट्यावर जाते. तिथं मी झोन (फोकस शोधायचा ठरावीक भाग) लावतो, फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर, आणि लेन्सवरचा लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या अंतरावर ठेवतो म्हणजे मध्ये कुणाचा हात आला तर ती जवळचं शोधत बसत नाही. दुसरी गोष्ट, २.८ घेतलंय म्हणून सगळीकडं २.८ ठेवू नका. दहा मीटरवर २०० ला शार्प राहतो तो पट्टा साधारण पाऊण फूट ते फूटभर, नाक शार्प असलं तर खांदा गेलेला असतो. उजेड असेल तर मी ४ ला काढतो. एक्स्पोजर मॅन्युअल आणि आयएसओ ऑटो, फक्त काळ्या कुत्र्यानं फ्रेम भरली की पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) कमी, नाहीतर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. इलेक्ट्रॉनिक शटर बंदच, पाय वाकडे येतात.

श्वानपथकाच्या डेमोला पळणं कमी असतं, पण माझे सगळ्यात आवडते फोटो तिथलेच आहेत. हाताला जाड स्लीव्ह बांधलेला माणूस पळतो, हँडलर कुत्रं सोडतो, आणि सगळे फोटोग्राफर दात स्लीव्हला लागतात त्या क्षणाची वाट बघत बसतात. तो काढाच, १/१६०० पुरतं, पण त्याच्या आधीचं अर्धं सेकंद सोडू नका, कुत्र्यानं माणूस ठरवलेला असतो, कान पुढं, तोंड अजून बंद, मागच्या पायावर सगळं वजन, काम करणाऱ्या कुत्र्याचं डोकं काय चीज असतं ते तिथं दिसतं. मित्राकडं मॅलिनॉय (बेल्जियन शेफर्डचा एक प्रकार) आहे, मित्र त्याची आयजीपी या काम करणाऱ्या कुत्र्यांच्या परीक्षेच्या नियमानं तयारी करतो, त्यात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण. संरक्षणाच्या भागात आडोशामागं उभ्या माणसाला न चावता नुसतं भुंकून जागीच धरून ठेवायचं असतं, तिथं ७०-१०० एमएममध्ये कुत्रं आणि माणूस दोघंही बसतात, प्राइम (झूम न होणारी) लेन्स असती तर अडकलो असतो. हेल्परच्या, म्हणजे स्लीव्ह बांधलेल्या माणसाच्या, मागं उभं राहू नका, कुत्र्याचं लक्ष फुटतं आणि मालकाची महिन्यांची मेहनत जाते.

धनगरांच्या कुत्र्यांना कोण बक्षीस देत नाही पण खरं काम करणारी तीच. मेंढरांच्या खांडाच्या कडेकडेनं चालतात, अनोळखी माणूस आला की उठतात. तिथं २०० कमी पडतं हे खरं, आणि जवळ जायचा प्रयत्नही करू नये, आधी धनगर मामांना हाक मारायची, ते कुत्र्याला बोलवून घेतात मग पुढं व्हायचं. एकानं फोटो बघून एवढंच विचारलं, "आमच्या वाघ्याचा कागदावर काढून देशील की?" दिला, मोठा करून दिला.

आता त्रासाचं. दीड किलोच्या आसपास लेन्स, वर बॉडी, दुपारनंतर मनगट बोलायला लागतं, मी मोनोपॉड (एकपायी स्टँड) वापरतो आणि आडवा झोपलो की तो काढून ठेवतो. धूळ हा मोठा शत्रू आहे, खानापूरकडं लाल माती, अथणी-गोकाककडं काळी आणि ती जास्त बारीक, झूमच्या रिंगमध्ये शिरून करकर वाजते. माझ्या लेन्सला मागं रबरी गॅस्केट आहे तरी मैदानात लेन्स बदलत नाही आणि घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. बेळगावच्या पावसात पाण्याचं काही झालं नाही पण पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, बुरशी आली की लेन्स गेलीच समजा. पॅनिंग (कुत्र्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करायचं तर स्टॅबिलायझर (हात हलणं सावरणारी सोय) दोन नंबरच्या मोडला, १/१०० च्या आसपास, शंभरात चार निघतात पण ते चार भिंतीवर लावण्यासारखे असतात.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. शर्यत दोरीला बांधलेल्या डमीवर असेल तरच मी कॅमेरा काढतो. जिवंत ससा सोडत असतील तर तिथून निघतो, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे, आणि आपण फोटो काढले की पुढच्या वर्षी आणखी लोक जमतात. पळून दमलेल्या कुत्र्याला फोटोसाठी परत पळवा म्हणू नका, उन्हात तर नाहीच, आधी त्याला सावली आणि पाणी. फ्लॅश आणि शिट्ट्या पण नकोत.

घ्यायची कुणी? कुत्री, बैल, कुस्तीचा आखाडा, घरची लग्नं हे सगळं एकाच लेन्सवर काढणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावी. सेकंडहँड बघत असाल तर समोर टॉर्च धरून आतली बुरशी बघा, २०० ला २.८ वर चालत्या माणसाचा बर्स्ट काढून बघा, आणि हूड, ट्रायपॉडची कॉलर सोबत आहे काय विचारा, नंतर घ्यायला गेलं की महाग पडतात. पुढं १.४ चा टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोड) घ्यायचा विचार चाललाय, २८० एफ/४ होतं, धनगरांच्या कुत्र्यांसाठी बरं पडेल. पक्ष्यांसाठी म्हणून घेत असाल तर मात्र ही नको, सरळ १५०-६०० बघा.