नॅनोपोअरवर प्रोटीन : काही महिने वापरल्यावर माझं मत

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये सॉलिड-स्टेट नॅनोपोअरचा, म्हणजे घन पडद्यातल्या काही नॅनोमीटरच्या भोकाचा सेटअप लागला. आता साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेत. एवढ्या वापरानंतर सांगते: एकेका प्रोटीनचा आकार नि वागणूक बघायला झकास, पण किती होती याची मोजदाद करायला यावर विसंबू नका.

तत्त्व जुन्या कोल्टर काउंटरचंच, म्हणजे भोकातून जाणाऱ्या पेशी करंटवरून मोजणाऱ्या यंत्राचं. सिलिकॉन नायट्राइडचा साधारण १२ नॅनोमीटर जाडीचा पडदा, त्याला एक भोक, दोन्हीकडं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि त्यात एकेक इलेक्ट्रोड. व्होल्टेज लावलं की भोकातून आयन वाहतात, तोच करंट. प्रोटीन आत शिरलं की आयनांची वाट अडते आणि करंटमध्ये खड्डा पडतो. भोक १० नॅनोमीटरचं असेल तर १ मोलर द्रावणात १०० मिलिव्होल्टला सुमारे ४ नॅनोअँपिअर यायला हवेत. फारच कमी आले तर बहुधा आत हवा अडकलेली असते. चिप (पडदा जिच्यावर असतो ती चकती) काढा, इथेनॉलनं भिजवा, परत लावा.

भोक आम्हीच पाडतो. पडद्यावर १० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज धरायचं. गळतीचा करंट रेंगाळत राहतो आणि अचानक उडी मारतो, त्याच क्षणी व्होल्टेज तोडायचं. २०१४ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली म्हणून बरं, नाहीतर भोक पाडायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या रांगेत बसावं लागलं असतं.

फॅराडे केज, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी धातूची पेटी, इथल्या उद्यमनगरात तांब्याच्या पत्र्याची करून घेतली. घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आत येऊ नये म्हणून हवी, असं समजावल्यावर कारागीर म्हणाला, "म्हंजे लाइटीपासनं लपवायचं म्हणा की, मॅडम!" इलेक्ट्रोडची तार चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीची, पण शुद्ध चांदीचीच मागा, दागिन्यांच्या चांदीत भेसळ असते. ब्लीचमध्ये ती करडी-तपकिरी होईपर्यंत ठेवली की क्लोराइडचा थर बसतो. थर खरवडला गेला की बेसलाइन (खड्डे नसतानाचा करंट) सरकायला लागते. हा बारीक करंट मोजणाऱ्या अँप्लिफायरच्या पुरवठादाराचा माणूस मात्र डेमो देऊन गेला तो गेलाच. फोन केला की उत्तर ठरलेलं: "मेल टाका."

आता मुख्य मुद्दा. आमचं प्रोटीन म्हशीच्या दुधातलं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. (कोल्हापूरच्या गंगावेशीत लोक दूध धारोष्ण पितात, आम्ही फाडतो.) पीएच ४.६ ला केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) आधी काढावंच लागतं, नाहीतर त्याचे शेदीडशे नॅनोमीटरचे गोळे भोक बुजवतात. उरलेल्या निवळीतून वेगळं केलेलं हे प्रोटीन पीएच ७ ला मुख्यतः जोडीनं असतं, वजन साधारण ३६ किलोडाल्टन. सुटं असेल तर त्याच्या निम्मं. म्हणजे खोल खड्डा जोडीचा, उथळ खड्डा सुट्याचा, असं आम्ही धरून चाललो होतो. पण नॉइज कमी करायला लावलेल्या १० किलोहर्ट्झच्या फिल्टरमध्ये सुमारे ७० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी टिकणाऱ्या खड्ड्याची खोली पुरती नोंदलीच जात नाही. मग तो उथळ खड्डा सुट्या प्रोटीनचा, की घाईत निघून गेलेल्या जोडीचा? फिल्टर १०० किलोहर्ट्झवर उघडा, तर एवढा नॉइज की खड्डेच बुडतात. फक्त लांब खड्डे घ्या, तर भिंतीला घासत, रेंगाळत गेलेलीच प्रोटीनं हाती लागतात. बरीचशी तर दिसतच नाहीत, हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं २०१३ मध्येच दाखवलंय. म्हणून नमुन्यात जोड्या किती आणि सुटी किती, याची टक्केवारी मी या यंत्रावरून कुणाला देत नाही. पीएच उतरवल्यावर खड्ड्यांचा घोळका कुठं सरकतो, ते मात्र बघते.

"यावर प्रोटीनचं सिक्वेन्सिंग (अमिनो आम्लांचा क्रम वाचणं) होतं का?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नाही होत. २०२१ साली डेल्फ्टमध्येच पेप्टाइडमधल्या एकेका अमिनो आम्लाचा फरक ओळखला गेला, पण एमएसपीए या जैविक पोअरमधून (तो स्वतःच एक प्रोटीन असतो), पेप्टाइडला डीएनए जोडून, हेलिकेज या एन्झाइमनं पायरीपायरीनं ओढून. आमच्या भोकात तसं धरून ओढणारं कुणी नाही.

घेणार असाल तर पैसा अँप्लिफायरवर घाला, केज आणि चिप बसवायचा टेफ्लॉनचा सेल गावात होतो. चिपा हिशेबापेक्षा जास्तच मागवा. चिमटा जरा तिरका लागला की पडदा फुटतो आणि ते कळतं पुढच्या करंटवरूनच.