युद्धकालीन जीपवर रायफल कुठे ठेवावी : चामडी म्यान की विंडशील्डचा रॅक?

विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी जीप मूळ रूपात आणायला घेतलेल्या माणसाचा रंग, टायर आणि दिवे यांचा निर्णय सहसा लवकर होतो. घोडे अडते ते रायफलीपाशी. गाडीच्या कडेला चामडी म्यान बांधायचे की विंडशील्डच्या आतल्या बाजूला लोखंडी रॅक बसवायचा, हा प्रश्न मलाही पडला होता आणि माझ्या जीपवर मी दोन्ही वापरून पाहिले आहे. युद्धकाळातील छायाचित्रांत दोन्ही दिसतात, त्यामुळे अमुकच खरे आणि तमुक खोटे असा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे खऱ्या रायफलीचा प्रश्न येत नाही. पुढे जे लिहिले आहे ते लाकडी नकली रायफल गृहीत धरून लिहिले आहे.

म्यान घ्यायचे असेल तर आधी ते कोणत्या शस्त्राचे आहे हे ओळखावे लागते, कारण विकणारा सगळ्यांनाच ‘जीपचे म्यान’ म्हणतो. एम १९३८ हे म्यान गॅरंड या त्या युद्धातील अमेरिकी रायफलीला बसते. १९१८ चा शिक्का असलेले जुने म्यान मात्र त्याआधीच्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या काळातले असते. थॉम्सन सबमशीनगनसाठीचे म्यान निराळेच असून ते हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशेजारी शोभते. कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, गॅरंडच्या म्यानात टाकू नये. गॅरंड सुमारे ११० सेंटिमीटर लांब आणि कार्बाइन ९० सेंटिमीटर, त्यामुळे ती आत गडप होते आणि बाहेर काढताना बोटे घालून ओढावी लागते.

जुने कोणते आणि नक्कल कोणती, हे केवळ शिक्क्यावरून ठरवू नये, कारण ‘बॉइट ४२’ असा बनवणाऱ्याच्या नावाचा आणि सालाचा ठसा आज कोणीही उमटवू शकतो. मी आधी कापलेली कड पाहतो. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी असते, तर क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या कडेच्या मधोमध निळसर-राखाडी रेघ दिसते. त्यावर वरून कितीही तपकिरी रंग चढवला तरी ती रेघ लपत नाही. त्यानंतर शिवण पाहावी. मेण लावलेला जुना दोरा काळवंडून चामड्यात रुतलेला असतो आणि नायलॉनचा दोरा उन्हात चमकतो. नक्कल घेण्यात गैर काही नाही, फक्त नकलेला अस्सलचा भाव देऊ नये. जुन्या म्यानाचा पट्टा तुटला असेल तर कोल्हापूरकडच्या, चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा तुकडा त्याला बराच जुळतो, असा माझा अनुभव आहे.

दिसायला म्यानच सरस, हे मी मनापासून मान्य करतो. प्रदर्शनात लोक फोटो काढतात ते त्याचाच. पण हे मुळात घोड्याच्या खोगिराला अडकवण्यासाठी घडवलेले साधन आहे, आणि जीपच्या बॉडीवर त्याच्यासाठी नेमकी जागा केलेली नाही. डाव्या बाजूला फावडे आणि कुऱ्हाड आधीच बसलेली असतात. म्हणून ते विंडशील्डच्या बिजागरीपासून खाली तिरके बांधावे लागते, आणि तसे बांधले की त्याचे टोक नेमके पुढच्या चाकाच्या मागे येते. माझा निर्णय इथेच झाला. पावसाळी रस्त्यावर चाकाने उडवलेला चिखल म्यानावर बसत राहतो, वरच्या तोंडातून पाणी आत जाते आणि तळाशी साचून राहते. माझी नकली रायफल आंब्याच्या लाकडाची होती. एका रॅलीनंतर ती नळीच्या टोकाशी इतकी फुगली की म्यानातून निघेना, आणि शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून ती ओढून काढली. म्यान वाळवायला उलटे टांगले तेव्हा तोंडातून लाल गाळ गळत होता. त्याहून त्रासदायक म्हणजे ओले चामडे जिथे पत्र्याला टेकून घासले होते, तिथे रंग उडून खाली गंजाची पट्टी आली होती. पाठीमागे नमदा लावून पाहिला, पण नमदाही पाणी धरतो. कोरड्या हवेत राहणाऱ्यांना ही अडचण कदाचित जाणवणार नाही.

रॅकचे दोष आहेत, पण ते गॅरेजमध्ये मिटवता येतात. नकली रॅकचा पत्रा पातळ असतो आणि खडबडीत रस्त्यावर त्याची कडी खडखडते. रायफल जिथे टेकते तिथे चामड्याची चकती लावली की आवाज बराच कमी होतो. बोल्ट मिलिमीटरच्या आट्यांचे निघाले तर मी ते बदलून इंची आट्यांचे घेतो, आणि फोर्डच्या गाडीवर तर ‘एफ’ खुणेचे बोल्ट शोधणारेही आहेत. ड्रिल हातात घेण्यापूर्वी विंडशील्डच्या खालच्या पत्र्याचा रंग खरवडून पाहावा. आपल्याकडच्या अनेक जीपनी युद्धानंतर वर्षानुवर्षे खासगी कामे केली, आणि त्या काळात रॅकची भोके वेल्डिंगने किंवा पुटीने बुजवलेली आढळतात. ती सापडली तर जागेचा वाद संपतो. सापडली नाहीत, तर पातळ पत्र्याला मागून पट्टी दिल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत, नाहीतर पत्रा आत ओढला जातो. विंडशील्ड बॉनेटवर पाडले की त्याची आतली बाजू वर येते आणि रायफल उघड्यावर पडते, तेव्हा ती आधी काढून घ्यावी.

म्हणून पावसात चालणाऱ्या एमबी किंवा जीपीडब्ल्यूसाठी मी रॅककडे झुकतो. म्यान हातात असेलच तर ते प्रदर्शनाच्या दिवशी बांधावे आणि परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी सोडून मागच्या सीटवर ठेवावे. डब्ल्यूएलए असेल तर मात्र चामडेच घ्यावे, कारण तिथे त्याची ठरलेली जागा आहे. महिंद्राने युद्धानंतर मुंबईत जुळणी केलेल्या नागरी जीपवर यांपैकी काहीच न लावणे मला अधिक योग्य वाटते.