शस्त्रक्रियेपूर्वीची जनुक चाचणी: एक पान मोलाचे, पुढचे फुगवलेले

माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मला कोडीनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी दुखणे तसूभरही कमी झाले नव्हते. मी उगाच कण्हतो आहे, असेच त्या वेळी सर्वांना वाटले. त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी मी एका प्रयोगशाळेकडून वेदनाशामकांसाठीची जनुक चाचणी करून घेतली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना झाला.

अहवालातले सीवायपी२डी६ या जनुकाचे पान खरोखर मोलाचे आहे. कोडीन मुळात फारसे वेदना शमवत नाही; यकृतातले याच नावाचे एन्झाइम त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलते, तेव्हा कुठे गुण येतो. माझ्यात हे एन्झाइम जवळजवळ निष्क्रिय निघाले. ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाचेही बरेचसे असेच आहे. उलट, ज्यांच्याकडे या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात, त्यांच्यात मॉर्फिन झपाट्याने तयार होऊन श्वास मंदावू शकतो. टॉन्सिल काढल्यानंतर कोडीन दिलेली काही मुले अशी दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली आपला सर्वांत कडक इशारा दिला आणि २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे बजावले. माझ्या भूलतज्ज्ञांनी हे पान दोनदा वाचले, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘कोडीन, ट्रामाडॉल नको’ असे लिहिले आणि या एन्झाइमवर अवलंबून नसलेले मॉर्फिन गरजेपुरते ठेवले. त्या रात्री मला झोप लागली.

पुढच्या पानाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तिथे ओपीआरएम१ आणि सीओएमटी या जनुकांखाली ‘ओपिऑइडची (म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांची) गरज जास्त’ असा शेरा आहे, आणि त्याचा लाल पट्टा आधीच्या पानावरच्या पट्ट्याइतकाच ठळक आहे. ओपीआरएम१मधल्या एका बदलामुळे मॉर्फिन थोडे जास्त लागू शकते हे खरे, पण तो फरक इतका लहान आहे की औषधजनुकशास्त्राची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी सीपीआयसी ही संस्था या दोन्ही जनुकांवरून मात्रा ठरवण्याची शिफारस करत नाही. वेदनेने आधीच धास्तावलेल्या रुग्णाला भक्कम आणि कच्चा पुरावा एकाच रंगात दाखवणे मला अजिबात पटले नाही.

शिवाय, चालू औषधे लिहायला अर्जात रकानाच नव्हता. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे घेणाऱ्या माणसाचे सीवायपी२डी६ जनुक उत्तम असले तरी ते एन्झाइम दबलेले असू शकते आणि अहवालात ते दिसणार नाही. चाचणी जरूर करावी, पण औषधांची यादी आपणच भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावी.