दूरच्या कारखान्यातला स्विच पुण्यातून सांभाळताना : सिस्को कॅटॅलिस्ट ९२०० एल

पुण्याच्या कार्यालयात बसून रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातले नेटवर्क सांभाळणाऱ्याने स्विचची (संगणक आणि यंत्रे नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीची) पारख केवळ वेगावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. चुकीची आज्ञा दिल्यामुळे स्विचशी असलेला आपलाच संपर्क तुटला, तर प्रवास न करता तो परत मिळवता येईल का, हा प्रश्न आधी विचारावा. सिस्कोचा कॅटॅलिस्ट ९२०० एल हा २४ किंवा ४८ पोर्टांचा, ठरावीक अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे नेणारी जोडणी) असलेला स्विच या कसोटीवर चांगला उतरतो. मात्र त्यासाठी मांडणी विचारपूर्वक करावी लागते, कारण पेटीतून काढल्याबरोबर तो या कामासाठी तयार नसतो.

पहिले काम स्विचजवळ बसूनच करावे. पुढच्या बाजूला मिनी यूएसबी कन्सोल (लॅपटॉप थेट जोडून आज्ञा देण्याचे पोर्ट) आणि मागे आरजे-४५ कन्सोल अशा दोन सोयी आहेत; दोन्ही जोडल्यास यूएसबीला प्राधान्य मिळते. वेग ९६०० बॉड. स्विचचे नाव, डोमेन नाव, आयपी पत्ता आणि प्रशासकाचे खाते एवढे इथेच करून घेतले, की उरलेले काम दुरून करता येते.

मागच्या बाजूचे स्वतंत्र मॅनेजमेंट पोर्ट हे या मालिकेचे मोठे बलस्थान आहे आणि नव्या माणसाचा सर्वाधिक गोंधळही तिथेच होतो. हे पोर्ट 'एमजीएमटी-व्हीआरएफ' नावाच्या वेगळ्या राउटिंग कोष्टकात (मार्गांच्या यादीत; व्हीआरएफ म्हणजे असे स्वतंत्र कोष्टक) असते, म्हणजे कारखान्याच्या वाहतुकीचे मार्ग आणि व्यवस्थापनाचे मार्ग एकमेकांना दिसत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे. पण साधी पिंग (समोरचे उपकरण उत्तर देते का हे तपासणारी) आज्ञा मुख्य कोष्टकातून जाते, त्यामुळे केबल आणि पत्ता दोन्ही बरोबर असूनही गेटवेकडून उत्तर येत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. पिंग, डिफॉल्ट रूट (बाहेरचा ठरलेला मार्ग), एनटीपी (घड्याळ जुळवणे), सिसलॉग (नोंदी पाठवणे) या प्रत्येक ठिकाणी व्हीआरएफचे नाव द्यावे लागते. प्रवेश मर्यादित करण्यासाठी व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिन होण्याच्या वाटेवर) अ‍ॅक्सेस-क्लास (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) लावला असेल, तर आयओएस एक्सई या स्विचच्या कार्यप्रणालीच्या अनेक आवृत्त्यांत त्यापुढे 'व्हीआरएफ-ऑल्सो' हा शब्दही जोडावा लागतो. तो नसेल तर या पोर्टावरून येणारी जोडणी नाकारली जाते.

या पोर्टाचा खरा लाभ मात्र त्याला वेगळी वाट दिली तरच मिळतो. अनेक ठिकाणी त्याची केबल त्याच स्विचच्या पुढच्या पोर्टात खोचलेली असते. अपलिंक गेली की दोन्ही वाटा एकदम बंद होतात, मग स्वतंत्र पोर्ट असून उपयोग काय? शक्य असेल तिथे त्याला निराळ्या ४जी राउटरवर न्यावे. आपल्याकडच्या मोबाइल जोडण्यांना बहुधा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून राउटरनेच पुण्याच्या कार्यालयाकडे व्हीपीएन बोगदा उघडावा अशी रचना ठेवावी. दुसरी वाट देणे शक्यच नसेल, तर अपलिंकवरून व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) नेणे पुरेसे आहे. व्हीलॅन १ (मुळात असलेला) त्यासाठी वापरू नये. स्विचवर राउटिंग चालू असेल, तर 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही जुनी सवयीची आज्ञा निरुपयोगी ठरते आणि डिफॉल्ट रूटच द्यावा लागतो.

एसएसएचची (दुरून सांकेतिक रूपात आज्ञा देण्याच्या सोयीची) मांडणी सरळ आहे: २०४८ बिटांची आरएसए की, एसएसएचची आवृत्ती २ आणि व्हीटीवाय लाइनवर फक्त एसएसएचला परवानगी. टेलनेट ही जुनी सोय पूर्ण बंद करावी, कारण त्यात पासवर्ड उघड्या मजकुरात जातो. खाते तयार करताना 'पासवर्ड' ऐवजी 'सीक्रेट' वापरून स्क्रिप्ट (scrypt) पद्धतीचा, म्हणजे टाइप ९ हॅश (पासवर्डचे सहज न उलगडणारे रूप) घ्यावा. टाइप ७ मधला पासवर्ड कोणीही क्षणात उलगडू शकतो. टॅकॅक्स (लॉगिन तपासणारा केंद्रीय) सर्व्हर असला तरी एक स्थानिक खाते राखीव असावे, नाहीतर सर्व्हरपर्यंतचा मार्ग तुटल्यावर स्विचचे दारही बंद होते.

ब्राउझरमधला व्यवस्थापन पडदा दिसायला सोपा आहे, पण दूरच्या ठिकाणी मी तो बंदच ठेवतो आणि इतरांनाही तेच सांगेन. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सईच्या याच वेब भागात सीव्हीई-२०२३-२०१९८ ही त्रुटी उघड झाली. तिची तीव्रता १० पैकी १० होती आणि तिच्या आधारे हल्लेखोरांनी हजारो उपकरणांवर सर्वोच्च अधिकाराची खाती तयार केली. सिस्कोने नंतर दुरुस्त आवृत्त्या दिल्या. तरीही ज्या सेवेची रोज गरज नाही ती चालू ठेवण्यात शहाणपणा नाही. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही सेवा बंद करायला दोन ओळी पुरतात.

मला या स्विचवर सर्वाधिक विश्वास वाटतो तो त्याच्या माघार घेण्याच्या सोयीमुळे. आधी आर्काइव्हचा (कॉन्फिगरेशनच्या प्रती ठेवण्याच्या जागेचा) मार्ग ठरवून द्यायचा आणि मग 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५' असे लिहून बदल सुरू करायचे. पाच मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' दिले नाही, तर स्विच आपणहून आधीच्या कॉन्फिगरेशनवर परततो. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन देताना 'अ‍ॅड' हा शब्द राहून गेला, तर आधीची सगळी यादी पुसली जाऊन व्यवस्थापनाचा व्हीलॅनही कापला जातो, हा प्रसंग या क्षेत्रात सर्वांच्या ओळखीचा आहे. टायमर लावलेला असेल तर अशा वेळी वाट पाहणे एवढेच काम उरते. 'रिलोड इन १०' या जुन्या उपायानेही सुटका होते, पण त्यात संपूर्ण स्विच नव्याने सुरू होतो आणि कारखान्याचे काम काही मिनिटे थांबते. चालू पाळीत ते परवडत नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवतानाही हाच विचार दिसतो: ती सक्रिय केल्यावर ठरावीक वेळेत 'कमिट' केले नाही, तर स्विच जुन्या आवृत्तीवर जातो. बदल पक्का झाल्यावर तो स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये (स्विच सुरू होताना वाचला जाणाऱ्या फाइलमध्ये) साठवायला मात्र विसरू नये; औद्योगिक वसाहतीत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी कोटेशनमध्ये नीट वाचाव्यात. पहिली म्हणजे परवाना. मूळ नेटवर्क परवाना कायमचा असतो, पण पहिल्या खरेदीसोबत ३, ५ किंवा ७ वर्षांची डीएनए (सिस्कोच्या केंद्रीय नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरची) वर्गणीही घ्यावी लागते. या लेखात वर्णन केलेले सगळे काम मूळ परवान्यावर चालते, त्यामुळे केंद्रीय नियंत्रणाचे सॉफ्टवेअर वापरणार नसाल तर मुदत ३ वर्षांचीच घ्यावी. लहान ग्राहकावर हा अनावश्यक भार आहे आणि या स्विचबद्दल माझी मुख्य तक्रार तीच आहे. दुसरी गोष्ट पॉवर सप्लायची. त्याच्या दोन जागा असतात, पण दुसरा सप्लाय वेगळा मागवावा लागतो. तो मागवावा आणि दोन्ही सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर जोडावेत.