टफन काच, आणि तिला लावलेली हिरकणी

नाशिकला आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. नातू आता हॉलच्या स्लायडिंग खिडकीला टेकून उभा राहायला लागलाय, म्हणून घरातल्या सगळ्या जुन्या काचा काढून ५ एमएम टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचा बसवायच्या ठरवल्या.

फॅब्रिकेटर ओळखीतूनच आला. एका पल्ल्याला टेप लावला, सव्वाएकवीस बाय साडेपंचेचाळीस इंच, आणि "बाकीचे नऊ तेवढेच" म्हणून वही मिटली. प्रत्येक पल्ला वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत कमी माप धरायचं असतं, कर्णही ताडायचे असतात, हे मला नंतर कळलं.

बिलावर लिहिलं होतं, '५ एमएम क्लिअर, १० नग, ८० फूट'. हिशोबाने दहा काचा भरतात ६७ चौरस फूट. विचारलं तर म्हणाला, काचेचं माप ३ इंचांच्या पुढच्या पटीत धरतात, म्हणून २४ बाय ४८. हा मात्र धंद्यातला रिवाजच आहे, यात फसवणूक नाही. फक्त दर ठरवतानाच विचारून घ्या. मी त्या १३ फुटांवर वाद घालत बसले आणि 'टफन' हा शब्द बिलात कुठेच नाही, हे पाहायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी काचा हजर! मला केवढं कौतुक. कोपऱ्यात टफनचा शिक्का नव्हता. "ताई, स्टिकर असतं, धुताना निघतं."

एक काच दोन सूत, म्हणजे पाव इंच मोठी निघाली. कारागिराने ती गादीवर आडवी घातली, हिरकणी (काच कापायचं हत्यार) फिरवली, पकडीने कड कुडकुड तोडली आणि काच अलगद बसवली. त्याच्या हाताची सफाई बघून मी त्याला चहा दिला. वर बिस्किटंही.

भाचा सातपूरला टूलरूममध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, टफन कापता येत नाही गं. आधी मापात कापतात, मग ६०० अंशांच्या वर तापवून गार हवेचा झोत मारतात. त्यानंतर कापायला गेलं की अख्ख्या काचेचा खडीसाखरेसारखा चुरा होतो." शिक्काही काचेवर पक्का उमटवलेला असतो, पाण्याने जात नाही. मग त्याने काचेभोवतीचं रबर काढून जाडी मोजायला वर्निअर लावला. ३.८ एमएम. म्हणजे टफन तर नाहीच, ५ सुद्धा नाही.

फोन केला. "बिलात टफन लिहिलंय का, ताई?" त्यानंतर फोन उचललाच नाही.

हॉलच्या चार काचा दुसऱ्याकडून पुन्हा केल्या. बिलावर 'टफन, आयएस २५५३' (सुरक्षित काचेचं भारतीय मानक) असं लिहून घेतलं. यायला सहा दिवस लागले. बसवताना मी मुद्दाम म्हटलं, "ही जरा दोन सूत कमी करून देता?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने चहा ठेवायला आत गेले.