ओळ, थांबा, पुढची ओळ: सीमधल्या स्लीप, यूस्लीप आणि नॅनोस्लीपचं परीक्षण

टर्मिनलवर एक ओळ छापायची, पाऊण सेकंद थांबायचं, मग पुढची छापायची. एवढ्याशा कामासाठी सी भाषेत अर्धा डझन फंक्शनं सापडतात. लिनक्सवर किंवा मॅकवर नवीन काही लिहिणार असाल तर डोळे मिटून नॅनोस्लीप घ्या. थोडं जास्त टाइप करावं लागतं, पण ते वसूल होतं.

टर्बो सी या बोरलँडच्या जुन्या कंपायलरवर शिकलेल्यांच्या बोटांत डिले(1000) बसलेलं असतं. ते बोरलँडच्या डॉस.एच या हेडरमधलं. लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला ते हेडर मिळतच नाही, त्यामुळे प्रॅक्टिकलची जुनी फाइल तिथे पहिल्या काही ओळींतच अडते.

स्लीप वापरायला सगळ्यात सोपं. यूनिएसटीडी.एच जोडा, स्लीप(1) लिहा, झालं. पण ते फक्त पूर्ण सेकंद घेतं. स्लीप(0.5) लिहिलं तर 0.5 चा पूर्णांक होऊन शून्य उरतं आणि सगळ्या ओळी धाडकन एकदम येतात. साधारण वॉर्निंगवर कंपायलर याबद्दल अवाक्षर काढेलच असं नाही, म्हणून हा घोळ शोधायला वेळ जातो.

यूस्लीप मायक्रोसेकंद घेतं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या मानकाच्या 2001 च्या आवृत्तीत ते कालबाह्य ठरलं आणि 2008 च्या आवृत्तीतून काढलं गेलं. शिवाय 10 लाख किंवा त्याहून मोठी संख्या दिली तर काही सिस्टिम ती नाकारतात. लिनक्सवर आजही चालतं, तरी नव्या कोडमध्ये त्याला जागा देऊ नये.

नॅनोस्लीपला टाइमस्पेक नावाचं स्ट्रक्चर लागतं: एका खान्यात सेकंद, दुसऱ्यात नॅनोसेकंद. हातात मिलिसेकंद असतील तर 1000 ने भागून येणारा भागाकार पहिल्या खान्यात, आणि बाकी गुणिले 10 लाख दुसऱ्यात. 750 मिलिसेकंदांसाठी 0 आणि 75,00,00,000. नॅनोसेकंदांचा खाना 99,99,99,999 च्या वर जाता कामा नये. दीड सेकंद हवा म्हणून सगळे 150 कोटी नॅनोसेकंद तिथेच कोंबले तर फंक्शन -1 देऊन तत्काळ परततं, आणि परत आलेली किंमत न तपासणाऱ्याला वाटतं की थांबा चालतच नाही. तुम्ही स्वतः हँडलर (हाताळणारं फंक्शन) लावलेला सिग्नल, म्हणजे सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेली सूचना, मध्येच आला तरीही -1 मिळतं, पण तेव्हा एरनो या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ईआयएनटीआर (‘सिग्नलने अडवलं’) असतं आणि उरलेला वेळ दुसऱ्या पॉइंटरमध्ये लिहिलेला असतो. दोन्ही जागी एकच पत्ता देऊन व्हाइल लूपमध्ये पुन्हा बोलावलं की थांबा पुरा होतो. हे सगळं ‘मिलिसेकंद थांबा’ अशा छोट्या फंक्शनात एकदाच बांधून ठेवावं. काटेकोर सी11 मोडमध्ये कंपाइल करताना _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो 199309एल किंवा त्याहून मोठ्या किमतीने, सगळ्या इन्क्लूडच्या आधी, डिफाइन करा; नाहीतर लिनक्सवर टाइम.एच जोडूनही नॅनोस्लीपचं डिक्लेरेशन मिळत नाही.

रिकामा फॉर लूप फिरवून वेळ काढणं मात्र पूर्ण टाकाऊ. कोड वेगवान करायला सांगणाऱ्या ओ2 ऑप्टिमायझेशनला कंपायलर तो लूप उडवूनच टाकतो, आणि नाही उडवला तर प्रोसेसरचा एक कोर फुकट तापतो.

थांब्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींत दोष यातल्या कुठल्याच फंक्शनचा नसतो, तो बफरचा, म्हणजे छापण्याआधी मजकूर साठवणाऱ्या जागेचा, असतो. एसटीडीआउट, म्हणजे प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट, टर्मिनलला जोडलेलं असताना ओळ संपली की मजकूर बाहेर पडतो. तेच आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे किंवा फाइलमध्ये वळवलं की मजकूर बफर भरेपर्यंत साठतो आणि शेवटी एकगठ्ठा ओतला जातो. थांबे बरोबर पडलेले असतात, दिसत नाहीत एवढंच. एकाच ओळीत ठिपके छापत जायचे असतील तर टर्मिनलवरही हेच होतं, कारण न्यूलाइन येत नाही. म्हणून प्रत्येक प्रिंटएफनंतर, थांब्याच्या आधी, साठलेला मजकूर लगेच बाहेर काढणारं एफफ्लश(एसटीडीआउट) लिहाच. सुरुवातीला सेटव्हीबफने लाइन बफरिंग लावायचा मार्गही आहे, पण विंडोजवर मायक्रोसॉफ्टची लायब्ररी त्याला पूर्ण बफरिंगच समजते. एफफ्लश सगळीकडे चालतं.

विंडोजवर विंडोज.एचमधलं स्लीप वापरा. त्याचा एस कॅपिटल आणि आकडा मिलिसेकंदांत. लिनक्सचा स्लीप(2) तसाच उचलून फक्त एस मोठा केला तर दोन सेकंदांऐवजी दोन मिलिसेकंद मिळतात. तिथल्या टायमरची टिक मुळात सुमारे 15.6 मिलिसेकंदांची असते, त्यामुळे 5 मिलिसेकंदांचा नेमका थांबा मागू नका. ओळी वाचायला लावण्यापुरता हा फरक कळतही नाही.

दर सेकंदाला एक ओळ तासभर छापायची असेल तर नॅनोस्लीपही कमी पडतं. छपाईचा आणि जागं होण्याचा वेळ प्रत्येक फेरीत वाढत जातो आणि ओळी हळूहळू मागे पडतात. तिथे क्लॉक_नॅनोस्लीप घ्यावं: मोनोटॉनिक (कधीही मागे न जाणारं) घड्याळ, किती वेळ नव्हे तर कुठल्या वेळेपर्यंत थांबायचं हे सांगणारा टायमर_ॲबस्टाइम हा फ्लॅग, आणि दर फेरीला पुढच्या ठोक्याची वेळ एक सेकंदाने वाढवायची. चूक झाल्यावर ते -1 देत नाही, एररचा क्रमांकच परत देतं, तेव्हा एरनो बघू नका.