एक ग्रॅमी, दोन अल्बम : ब्लूग्रास ऐकायला सुरुवात कुठून करावी?

जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ग्रॅमी जाहीर झाली तेव्हा ब्लूग्रास (तारवाद्यांवर वाजणारं अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) अल्बमच्या पाकिटातून दोन नावं निघाली. बरोबरी! एक, इन्फेमस स्ट्रिंगडस्टर्सचा 'लॉज ऑफ ग्रॅव्हिटी'. दुसरा, र्‍होंडा व्हिन्सेंट आणि तिच्या 'द रेज' या बँडचा 'ऑल द रेज : इन कॉन्सर्ट, व्हॉल्यूम वन'. (स्ट्रिंगडस्टर्सना विभागून घ्यायची सवयच असावी. २००७ मध्ये ब्लूग्रासवाल्यांच्या संघटनेचा पुरस्कारही त्यांच्या पहिल्या अल्बमला जे. डी. क्रोच्या बँडसोबत मिळाला होता.)

हे संगीत कधीच कानावर पडलं नसेल, तर यातला आधी कुठला लावावा? मला विचाराल तर निवाडा मँडोलिनवर करा.

ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. मग ठेका कोण धरतं? डबल बास मात्रेवर पडतो आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत मँडोलिन. उजव्या हाताने तारांवर फटका मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडायची. स्वर उमटायच्या आत मरतो, उरतं फक्त कोरडं 'खट्'. याला तिकडे 'चॉप' म्हणतात. केंटकीच्या बिल मन्‍रोपासून चालत आलेली ही रीत. हिंदी गाण्यांत मँडोलिनची लाडीक थरथर ऐकत आलेल्या आपल्या कानांना हे वाद्य असंही वागू शकतं हे आधी खरंच वाटत नाही.

र्‍होंडा गाते आणि मँडोलिनही स्वतःच वाजवते. मिझुरीतल्या घरच्या बँडमध्ये लहानपणापासून गाणारी ही बाई. समोर प्रेक्षक असले की खुलते. रेकॉर्डिंग जाहीर कार्यक्रमातलं, त्यामुळे टाळ्या आहेत, वेग आहे, प्रत्येक वादकाला आपला हात दाखवायची संधी आहे. ठेका पहिल्या मिनिटात कळतो. उणं एवढंच की, फारसं अनपेक्षित काही घडत नाही.

स्ट्रिंगडस्टर्स पाच जण : बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, बास आणि डोब्रो. मँडोलिन नाहीच! म्हणजे ते 'खट्' बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. त्यामुळे या अल्बमचा पोत मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या जागेत अँडी हॉलचा डोब्रो पसरतो. मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्याने वाजवायची ही गिटार. मोहनवीणा ऐकलेल्या माणसाला ती मींड लगेच ओळखीची वाटेल. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि डोब्रोवादक जेरी डग्लस यांनी १९९५ मध्ये एकत्र अल्बम केला, तो काही उगीच नाही. गाणी बहुतेक बँडच्याच मंडळींची. तेरा गाणी सलग ऐकताना मध्ये थोडी मरगळ येते, हेही सांगून टाकतो.

माझ्या कपाटात एकच ठेवायचा म्हटलं तर मी 'लॉज ऑफ ग्रॅव्हिटी' ठेवीन. पण नवख्याच्या हातात आधी र्‍होंडाच देईन. मँडोलिन काय करते हे कानात बसल्याशिवाय तिच्या नसण्यातली गंमत कशी कळणार? बैठकीपेक्षा हेडफोन लावून एकट्याने ऐकणारे असाल, डोब्रो किंवा मोहनवीणा आवडत असेल, तर मात्र थेट स्ट्रिंगडस्टर्सकडे जायला हरकत नाही.

फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे बासचा 'धुम्' गायब होतो आणि ते 'खट्' बिचारं एकटंच वाजत राहतं.